विलीचा जाळीचा फिल्टर

गाडीचा एअर फिल्टर लोक कानाने निवडतात, आणि त्या लोकांचा मला जन्मभर तिटकारा आहे. कार्बोरेटरच्या इंजिनाला हवा लागते, ती भरपूर लागते आणि स्वच्छ लागते. एवढं कळलं तरी पुरे. पण गिऱ्हाईक गॅरेजच्या दारात यायचं ते आवाज विकत घ्यायला. कारखान्याने बसवलेला काळा डबा काढून फेकायचा, त्या जागी चकचकीत टोपीचं काहीतरी लावायचं आणि मग गल्लीतून घर्र घर्र करत जायचं. गाडी होती तेवढीच पळते, पण मालकाची छाती दोन इंच पुढे येते. मी असल्या पुष्कळ छात्या पाहिल्या. काही महाभाग तर फिल्टरच काढून टाकायचे आणि नुसती नळी उघडी ठेवायचे, आणि सहा महिन्यांनी पिस्टन घासले म्हणून माझ्याच दारात येऊन मलाच विचारायचे, असं कसं झालं हो? मी त्यांना सांगायची, तुम्ही नाकाचे केस उपटून गिरणीत झोपलात म्हणून झालं. आता तर मोबाइलवर बघून शहाणे झालेले येतात. त्यांच्याशी मी बोलतसुद्धा नाही.

पण ह्या प्रकरणात मला सांगायचंय ते त्यांच्याबद्दल नाही. एका फिल्टरने आमच्या घराचं काय केलं ते सांगायचंय, आणि त्यातलं खरं तेवढं अजून कागदावर आलेलं नाही.

आमचं घर मरोळच्या गावठाणात. आजही तिथेच आहे, फक्त आता चारी बाजूंनी काचेच्या इमारती उभ्या राहिल्यात आणि त्यांतली माणसं खाली बघून विचारतात, इथे गाव होतं? होतं बाबांनो. तुम्ही उभे आहात तिथे भाताचं खाचर होतं. पुढे पडवी, मागे विहीर, आणि पडवीला लागून पत्र्याची लांब शेड, ते पापांचं गॅरेज. घरात आम्ही चौघं. पापा, माय, माझा मोठा भाऊ विली आणि मी, एल्सी. सकाळी चर्चची घंटा, मग औद्योगिक वसाहतीचा भोंगा, मग खाणीवरच्या खडी फोडायच्या यंत्राचा खडखडाट, तो संध्याकाळपर्यंत. मधूनच डोक्यावरून विमान गेलं की माय बोलता बोलता थांबायची आणि ते गेल्यावर त्याच शब्दापासून पुढे बोलायची. रविवारी मैद्याचे तळलेले फुगे आणि डुकराचं विंदालू, बाकीचे दिवस तांदळाची भाकरी आणि जे काय बाजारात मिळेल ते. पापांच्या हाताला साबणाने न जाणारा ग्रीसचा वास असायचा आणि मायच्या हाताला लसणाचा, त्यामुळे डोळे मिटूनही मला कुणी कानफटात मारली ते कळायचं.

खाणीमुळे सगळ्या गावावर पांढरी धूळ असायची. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता यायचं. म्हणून आमच्याकडे फिल्टर हा चैनीचा विषय नव्हता. पापा तेलाच्या डब्याचे भक्त. गोल डबा, तळाशी तेल, हवा त्या तेलावरून वळून जाते आणि धूळ तेलात बसते. महिन्याने तेल ओतून द्यायचं, तळाचा चिखल खरवडायचा, नवीन तेल घालायचं. घाणेरडं काम, आणि ते माझं होतं. कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी सुईच्या भोकाएवढी तोंडं, साफ करायचं कामही माझंच, कारण माझी बोटं बारीक. बारा वर्षांची असल्यापासून मी ते करत होते. शाळेतल्या मुली नखं रंगवायच्या, माझी नखं आधीच काळी होती. त्या मुलींना मी मूर्ख समजायची. खरं सांगायचं तर त्या वयात मी सगळ्यांनाच मूर्ख समजायची, आणि सगळ्यांत जास्त विलीला.

विली माझ्याहून चार वर्षांनी मोठा. देखणा, मागच्या खिशात कंगवा, आणि गावच्या बँडमध्ये कॉर्नेट, ती आखूड पितळी तुतारी, वाजवायचा. लग्नात वाजवायला लागला की म्हाताऱ्यासुद्धा पदर खोचून नाचायच्या. तेवढं एक त्याला यायचं. गाडीत मात्र शून्य. स्पार्क प्लगची तार उलटसुलट लावायचा आणि गाडी ठसके द्यायला लागली की तिच्याकडे असा बघायचा की जणू तिनेच त्याचा विश्वासघात केला. पण तो मुलगा होता, आणि शेड त्याला मिळणार हे त्याला, मला, मायला, विहिरीवरच्या बायकांना, सगळ्यांना ठाऊक होतं. मी अंधेरीला टायपिंगच्या क्लासला जायचं, मग कुठल्यातरी ऑफिसात बसायचं, असं ठरलेलं. ठरवलं कुणी, हे कुणालाच आठवत नव्हतं.

त्या वर्षी पापांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. जेटचं भोक त्यांना दिसेनासं झालं. पुढे कार्बोरेटरचं काम कोण बघणार हा प्रश्न रोज जेवताना ताटांमध्ये येऊन बसायचा आणि कुणी त्याला हात लावत नव्हतं.

अशात विलीने तो फिल्टर आणला. सांताक्रूझच्या त्याच्या एका मित्राचा मामा जहाजावर होता, त्याने कुठल्यातरी बंदरावरून आणलेला. गाडी विकली म्हणून फिल्टर उरला होता. तारेच्या दोन जाळ्या, मधे सुती कापडाच्या घड्या, वर आरशासारखी टोपी. बरोबर खोका, आणि खोक्यात लाल तेलाची एक छोटी बाटली. विलीने ती बाटली उजेडात धरली, हुंगली आणि मायला दिली. "घे, शिलाई मशीनला घाल. फॉरेनचं तेल हाय." मायने घातलं. ते तेल होतं चिकट, दोन दिवसांत मशीन असं जाम झालं की चाक फिरेना. मग विलीच्या लक्षात आलं की फिल्टरचं कापड लालसर आणि मळकट दिसतंय. त्याने तो पेट्रोलमध्ये बुचकळून बुचकळून धुतला, कापड पांढरंशुभ्र केलं आणि उन्हात वाळवला. टोपी राखेने घासली. मग तो हातात घेऊन अख्ख्या गावठाणात फिरून आला.

खोक्याच्या तळाशी एक घडीचा कागद होता. तो विलीने बघितलाच नाही. मी बघितला. संध्याकाळी पडवीत बसून दोनदा वाचला. इंग्रजी सोपं होतं. लिहिलं होतं की ह्या फिल्टरचं कापड नुसतं असेल तर त्याचा काही उपयोग नाही, धूळ धरतं ते त्यावरचं तेल. धुतल्यावर हे तेल प्रत्येक घडीवर घालायचं, कापड लाल होईपर्यंत, आणि मगच गाडीला लावायचा. मी तो कागद घडी करून माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला. त्या पुस्तकाला घरात दुसरं कुणी हात लावायचं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवताना विली म्हणाला, "पापा, तो तेलाचा डबा आता म्युझियममधी देवा. हा लावला का गाडी कशी पळंल बघा. अंधेरीत कुणाकडं नाय हा माल. गिऱ्हाईकाची लाईन लागंल."

पापांनी बराच वेळ भाकरी चावली. मग म्हणाले, "आपल्या गाडीवर लावून बघू. तुझी निवड बरोबर निघाली, तर पावसाळ्यापासून कार्बोरेटरचं सगळं काम तू बघ. एल्सी जाईल क्लासला."

मी विचारलं, "आणि चुकीची निघाली तर?"

"तर तू बघ," पापा म्हणाले. मायने त्यांच्याकडे चमकून पाहिलं. पापांनी मान वर केली नाही. आपण काय बोललो हे त्यांना नीट ठाऊक होतं.

आता हे सगळं मे महिन्यातलं, आणि मे महिना म्हणजे आमच्याकडे मसाल्याचा महिना. वर्षाचा मसाला एकदाच कुटायचा आणि रंगीत काचेच्या बाटल्यांत ठासून भरायचा, म्हणून त्याचं नावच बाटलीमसाला. आठ दिवस अंगणात चटयांवर मिरच्या पडलेल्या असायच्या. मग कुटणाऱ्या बाया यायच्या, लाकडी उखळात पुरुषभर उंचीची मुसळं घालून तिघी तिघी आळीपाळीने घाव घालायच्या, आणि गाणं म्हणायच्या म्हणजे घाव चुकत नाही. त्यांच्यावर देखरेख शेजारच्या फिलोबायची. कुणाच्या मसाल्यात काय पडतं हे फिलोबायला ठाऊक असायचं आणि ती ते मरेपर्यंत सांगणार नाही असं ती रोज सांगायची. त्या दिवसांत अंगणात तांबडं धुकं असायचं. आम्ही तोंडाला ओलं फडकं बांधून हिंडायचो, कुत्री गाव सोडून जायची.

कल्पना माझी. मी पापांना म्हटलं, रस्त्यावर पळवून धुळीचं काय कळणार? धूळ पांढरी, कापड पांढरं. गाडी उखळाशेजारी उभी करू. कार्बोरेटरच्या तोंडावर मलमलचा तुकडा ताणून बांधू आणि त्यावर फिल्टर लावू. पाच मिनिटं इंजिन चालवू. फिल्टरमधून जे सुटेल ते मलमलवर लाल दिसेल. पापा हसले. त्या वर्षात मी त्यांना हसताना तेव्हाच पाहिलं. म्हणाले, "झकास." विलीही हसला. त्याला वाटलं ही जत्राच आहे, आणि जत्रेत तो नेहमी जिंकायचा. मला त्याचा इतका तिरस्कार वाटला म्हणून सांगू, की हा माणूस स्वतःच्या गळ्यातला फास आपल्या हाताने सरळ करून घेतोय आणि वर हसतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी पापांनी गाडी ढकलून अंगणात आणली. मुंबईत टॅक्सी म्हणून धावायच्या तशीच, फक्त रंगाने राखाडी. कुटणाऱ्या बाया थांबल्या, फिलोबाय कमरेवर हात ठेवून उभी राहिली, कुंपणापाशी गावातले दहापंधरा जण जमले. पहिला तेलाचा डबा. पापा घड्याळ बघत होते. इंजिन जरा गुदमरल्यासारखं चाललं, पण मलमल निघाली ती पांढरी. मग शेडमधला एक साधा कागदी फिल्टर. कागद बाहेरून तांबडा झाला, मलमल पांढरी. मग विलीने आपला फिल्टर लावला, टोपीवरून बाही फिरवली आणि लोकांकडे वळून कमरेत वाकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

इंजिनाचा आवाज खरंच बदलला. मोकळा, खोल. विलीचा चेहरा उजळला. त्याला राहवेना, म्हणून त्याने दारातून आत पाय घालून अ‍ॅक्सिलरेटर दाबला, एकदा, दोनदा. त्या ओढीने आतली मलमल फाटली. फिल्टर कोरडा, कापडाच्या घड्या उघड्या, मलमल गेलेली. अंगणातला मसाला सरळ इंजिनात गेला आणि भाजून मागच्या नळीतून बाहेर आला. कुणी कधी मिरच्या तव्यावर करपवल्या असतील त्याला कळेल. सगळं अंगण खोकत सुटलं. कुटणारी एक बाई मुसळ टाकून विहिरीकडे पळाली.

"मेल्या, बंद कर!" फिलोबाय किंचाळली. "डोळे गेले माझे! बंद कर तुझा बाजा!"

विलीला किल्ली सापडेना. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, हात बॉनेटवर आपटत तो गाडीभोवती फिरत होता. शेवटी पापांनी आत वाकून इंजिन बंद केलं. मग मी पुढे गेले, फिल्टर काढला, मलमलची उरलेली लाल चिंधी चिमटीत धरली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर केली. म्हटलं, "बघा, ही आपल्या मिरची विलीची निवड."

मिरची विली. लोक हसून हसून कुंपणावर पडले. ते नाव त्या क्षणी जन्माला आलं आणि संध्याकाळपर्यंत तळ्यापलीकडच्या पोरांच्या तोंडी होतं. पुढच्या रविवारी बँड उभा राहिला तर मागून कुणीतरी ओरडलं, मिरची, वाजव रे! विलीने कॉर्नेट ओठाला लावली आणि तो चुकला. मी तिथेच होते. मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

पण त्या सकाळचं अजून संपलेलं नाही. लोक पांगले, बाया पुन्हा कुटायला लागल्या, विली मागे विहिरीवर डोळे धुवायला गेला. पापांनी फिल्टर माझ्या हातातून घेतला आणि शेडमध्ये गेले. मी मागोमाग. त्यांना जवळचं कमी दिसत होतं, म्हणून त्यांनी कापडाच्या घडीतून अंगठा फिरवला. मग अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं.

"कोरडा आहे," ते म्हणाले.

मी बाकड्यावरचे स्क्रू वेचायला लागले.

"सुती कापड कोरडं कोण लावेल? बनवणारा येडा होता काय? खोक्यात कागद नव्हता?"

"नव्हता," मी म्हटलं.

पापांनी फिल्टर बाकड्यावर ठेवला. "परवा संध्याकाळी पडवीत बसून काय वाचत होतीस?"

त्यांनी हात पुढे केला. मी घरात जाऊन पुस्तकातून कागद आणला. त्यांना तो वाचता येणार नव्हता, तेव्हा मलाच वाचायला लावला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकेक ओळ मराठीत सांगून. मग मायच्या मशीनजवळून बाटली आणली. तळाला थोडं तेल उरलं होतं. फिल्टर झटकून ते मी घडीघडीवर घातलं, पापा शेजारी उभे. दुपारी बाया जेवायला बसायच्या आत आम्ही दोघांनी पुन्हा गाडी लावली, नवीन मलमल, पाच मिनिटं. मलमल पांढरी निघाली. कडेला फक्त एक फिकट गुलाबी रेघ. मग मी एक नंबर मोठा जेट घातला, कारण हवा जास्त आली की पेट्रोलही जास्त लागतं, आणि पापा गाडी खाणीच्या चढावर घेऊन गेले. जो चढ ती दुसऱ्या गिअरमध्ये रडत चढायची, तो ती तिसऱ्यात चढली.

पापांनी वर गाडी थांबवली. मला वाटलं आता मारतील. त्यांनी मारलं नाही. म्हणाले, "विलीला गाडीतलं काही कळत नाही. तो येड्यासारखा चुकला. तुला सगळं कळतं, आणि तू हे केलंस." त्यांच्या आवाजात जे होतं ते मी लगेच ओळखलं, कारण ते माझंच होतं. मी सगळ्यांशी ज्या सुरात बोलायची, तोच सूर. तो आपल्यावर आला की कसा लागतो ते मला त्या दिवशी कळलं.

मग म्हणाले, "काम तू बघ. तुझ्याशिवाय कुणाला येत नाही, मी काय करू? पण विलीला खरं तू सांगायचं. मी सांगणार नाही."

मी हो म्हटलं. मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, आधी लोकांचं हसणं तर थांबू दे, असं करता करता पाऊस आला आणि गेला. विली शेडमध्ये येईनासा झाला. कॉर्नेट पेटीत गेली. त्याच्या मित्राच्या मामाने मस्कतला एका गोदामात नोकरी लावून दिली. ज्या दिवशी तो निघाला त्या दिवशी विमानतळावर मायने त्याच्या बॅगेत मसाल्याची बाटली टाकली, आणि तो म्हणाला, "नको गो माय, तिकडं पण मिरची म्हणतील." सगळे हसलो. पापांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर फिरवली आणि वर विमान बघत बसले. त्यानंतर पापांनी तो विषय कधीच काढला नाही. मात्र मी केलेल्या प्रत्येक कामावरून ते हात फिरवायचे. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, नीट दिसायला लागलं, तरी फिरवायचे. मी घट्ट केलेला नट ते पुन्हा घट्ट करून बघायचे, गिऱ्हाईकासमोर, आणि मी तिथे उभी राहून बघायची. ते गेले त्या वर्षापर्यंत.

विली सव्वीस वर्षं मस्कतमध्ये राहिला. गोदामात खोकी मोजली. आता बोरिवलीला मुलीकडे असतो, गुडघे दुखतात, ऐकू कमी येतं. गेल्या महिन्यात जावयाला घेऊन माझ्याकडे जेवायला आला. जावयाने हौसेने एक जुनी गाडी घेतलीय, कार्बोरेटरची, आणि तिला जाळीचा फिल्टर लावू का असं त्याला मला विचारायचं होतं. मी तोंड उघडायच्या आत विलीच बोलला.

"तो कचरा आहे रे, नको लावू," तो म्हणाला. "एल्सीने टेस्ट करून दाखवलाय, मसाल्यात. अख्ख्या गावासमोर. तिच्यासारखी मेकॅनिक अंधेरीत झाली नाय." आणि त्याने सगळी गोष्ट सांगितली, खोकून दाखवत, फिलोबायचा आवाज काढत, स्वतःचं नावसुद्धा सांगून. अभिमानाने सांगत होता. जावई हसत होता. मला समजलं की ही गोष्ट त्याने मस्कतमध्येही सांगितली असणार, वर्षानुवर्षं, आणि दर वेळी त्यात मूर्ख तो आणि हुशार मी.

जावई गाडी काढायला बाहेर गेला तेव्हा मी विलीला सांगितलं. त्याच्या चांगल्या कानापाशी वाकून, जरा मोठ्याने. कागद, तेलाची बाटली, दुपारची दुसरी टेस्ट, खाणीचा चढ, सगळं.

मला वाटलं, ह्याला तेलाचं काय ते कळलंच नसणार.

"म्हणजे फिल्टर चांगला होता?" त्याने विचारलं.

"चांगला होता."

"पापांना म्हाईत होतं?"

"होतं."

त्याने मान हलवली, खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठला, काठी घेतली आणि दारापर्यंत गेला. तिथे थांबून, मागे न बघता म्हणाला, "मग मला परत का नाय बोलावलं, एल्सी?"